भालेराव सरांची घडी

जुन्नरच्या कॉलेजात मी मराठी शिकवायला रुजू झाले, त्या पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये माझ्यापुढे चहा आला. मी कप उचलणार, तेवढ्यात बाजूने एक हात पुढे आला. त्या हातात पिवळ्या कागदाची बारीक पट्टी होती. पट्टी माझ्या चहात बुडाली, बाहेर आली आणि खिडकीच्या उजेडात धरली गेली.

"सहा," हाताचे मालक म्हणाले. "पिया बिनधास्त."

मी कप तसाच खाली ठेवला. शेजारी बसलेले क्लार्क म्हणाले, "हे आमचे भालेराव सर. केमिस्ट्रीचे." एखाद्याने पाहुण्याला 'आमचा कुत्रा चावत नाही' असं सांगावं, त्याच सुरात.

इतर प्राध्यापकांच्या शर्टाच्या खिशात पेन असतं. भालेराव सरांच्या खिशात पीएच पेपरचं छोटं पुस्तक असायचं. समोर कुठलंही ओलं दिसलं की त्यातली एक पट्टी फाडून ते त्यात बुडवत. आंबट किती, तुरट किती, ते कागदाच्या रंगावरून आकड्यात सांगत; सात म्हणजे साधं पाणी, त्याखाली जाईल तसं आंबट. आमटी, विहिरीचं पाणी, उसाचा रस, देवळातलं तीर्थ, कशालाच सुटका नव्हती. एका साखरपुड्यात त्यांनी पंगतीतल्या मठ्ठ्यात पट्टी बुडवली आणि "चार. जमतंय," असं मोठ्यानं जाहीर केलं. मुलाकडच्या मंडळींना वाटलं, ही मुलीकडची काहीतरी रीत आहे. त्यांनीही हात जोडले.

सर मूळचे आंबेगाव तालुक्यातल्या निरगुडसरचे. पुण्याला सहा वर्षं राहून त्यांनी डॉक्टरेट केली होती. विषय होता, एका लहानशा पेप्टाइडची घडी. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. एकेक मणी ओवत जावा तशी. ही साखळी पाण्यात सोडली की आपली आपण घडी घालून बसते, आणि तापवली की उलगडते. सरांनी सहा वर्षं ती तापवली आणि गार केली, तापवली आणि गार केली. गावात कुणी विचारलं की त्यांचे वडील सांगायचे, "थोरलं पोरगं पुण्यात पाणी तापवतंय." वडिलांचा स्वर अभिमानाचाच असायचा, असं सर आवर्जून सांगत.

सरांना पुस्तकी मराठी उत्तम यायची. फळ्यावर लिहिताना एक वेलांटी चुकायची नाही. पण बोलायचं ते निरगुडसरचंच. "पोरांना घरची भाषा कळती, मॅडम," ते मला म्हणाले. "विज्ञानानं त्यांच्या घरी जायाचं तर चप्पल काढून जाया नको का?" त्यामुळे त्यांच्या वर्गात अमिनो आम्लाची व्याख्या अशी असे: "ह्यो दोन तोंडांचा गडी हाय. एका टोकाला आम्ल, दुसऱ्या टोकाला आम्लारी. पाण्यात पडला की एका टोकाला उणा भार, दुसऱ्याला अधिक. बेरीज शून्य. म्हंजे बाहेरनं बघनाऱ्याला वाटतं, ह्यो लई शांत. आतनं मात्र ह्याचं समदं चालू." पोरं हसायची, आणि परीक्षेत हे उत्तर कुणाचं चुकायचं नाही.

माणसांना ते अमिनो आम्लांची नावं ठेवत. प्राचार्यांचं नाव प्रोलीन. "सोता वाकत न्हाई, अन शेजाऱ्याला बी नीट वळू देत न्हाई. साखळीत जितं प्रोलीन आलं, तितं कोपरा आला." क्लार्क ग्लायसीन, कारण तो सगळ्यात लहान, कुठेही बसतो, कसाही वळतो. खेळाचे सर आडदांड, म्हणून ट्रिप्टोफॅन. मला नाव मिळायला तीन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी त्यांनी निकाल दिला.

"तुमी हिस्टिडीन."

"चांगलं असतं का ते?"

"लई कामाचं. पण भोवतालची हवा जराशी आंबट झाली की पटकन प्रोटॉन घेतंय, जराशी निवळली की सोडतंय. सकाळी तुमी प्राचार्यांना म्हणाला, परीक्षा पुढं ढकलाया नको. धा वाजता ट्रिप्टोफॅनला म्हणाला, ढकललीच पाहिजे. मी दोन्ही टायमाला तितंच व्हतो."

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी बोलले, कारण गप्प बसणं मला जमत नाही आणि त्यांच्याइतकं मजेशीर बोलणारं स्टाफरूममध्ये दुसरं कुणी नव्हतं.

त्यांचं सगळ्यात लाडकं वाक्य होतं, "प्रेम नसतंय ते, पाणी असतंय." एकदा आम्ही सगळे एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नाला गेलो होतो. मंगल कार्यालयात डीजे असा वाजत होता की अक्षता हातातल्या हातात उडत होत्या. कोपऱ्यात नवऱ्या मुलाचे चार मामा खुर्च्यांना खुर्च्या लावून बसले होते. क्लार्क म्हणाले, "काय एकी आहे बघा!"

"एकी कसली राव," सर म्हणाले. "त्या चौघांची कोर्टात केस चाललीय. प्रेम नसतंय ते, पाणी असतंय." मग त्या डीजेच्या वर आवाज चढवून त्यांनी समजावलं. तेलाचे थेंब पाण्यात एकमेकांना चिकटतात ते मायेनं नाही. तेलाशेजारी उभं राहायचं तर पाण्याला शाळेतल्या प्रार्थनेसारखं रांगेत उभं राहावं लागतं. पाण्याला ते नको असतं. तेल एका कोपऱ्यात गोळा झालं की पाणी मोकळं होतं. साखळीची घडीसुद्धा अशीच पडते. पाण्याला भिणारे मणी आत दडतात. "साखळी सोता आवळून बसती, अन आसपासचं पाणी मोकळं करती. आता बगा, मामा कोपऱ्यात गेलं तवा बाकीचं वऱ्हाड मोकळं नाचतंय का न्हाई?"

वऱ्हाड नाचत होतं खरं.

अशा माणसाचा आणि प्राचार्यांचा कधीतरी खटका उडणार हे ठरलेलंच होतं. तो उडाला कॉलेजची पाहणी करायला समिती आली त्या दिवशी.

प्राचार्यांनी महिनाभर तयारी केली होती. भिंतींना रंग, झाडांना गेरू, आम्हाला सूचना. भालेराव सरांना स्वतंत्र सूचना होत्या. "एक, शुद्ध बोला. दोन, कुणाच्या कशातही कागद बुडवू नका. तीन, समिती जाईपर्यंत कॉलेज सोडू नका."

ही तिसरी सूचना खरी महत्त्वाची होती. सरांचे सगळे तास सकाळचे असत. सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी ते वर्गात उभे, आणि अकरा वाजले की त्यांची मोटारसायकल येडगावच्या रस्त्याला. दुपारची एकही मीटिंग त्यांनी कधी केली नव्हती. विभागप्रमुखपद चालून आलं तेव्हा, दुपारी थांबावं लागेल म्हणून, तेही नाकारलं होतं. स्टाफरूममध्ये याची तीन कारणं सांगितली जात. शेती, खाजगी क्लास आणि झोप. मी झोपेच्या बाजूची होते.

समिती नऊला येणार होती. आली साडेदहाला. समितीच्या अध्यक्ष एक साठीच्या बाई होत्या, स्वतः रसायनशास्त्राच्या. इमारत, ग्रंथालय, नवीन रंग, सगळं त्यांनी मान डोलवत पाहिलं आणि अकराच्या सुमारास त्या प्रयोगशाळेत आल्या. आम्ही सगळे मागे.

सरांनी दुधाचं प्रात्यक्षिक मांडलं होतं. सुरुवात अगदी शुद्ध झाली. "आदरणीय अध्यक्ष महोदया, दुधातील प्रथिनांच्या कणांवर ऋण प्रभार असतो. त्यामुळे ते परस्परांपासून दूर राहतात." मग त्यांनी चंचुपात्रातल्या दुधात थेंबथेंब आम्ल सोडायला सुरुवात केली. थेंब पडत होते. दुधाला काही होत नव्हतं. आणखी थेंब. प्राचार्य खाकरले. सरांनी पट्टी बुडवली, रंग पाहिला, आणि त्यांचा संयम सुटला.

"आम्ल पातळ झालंय! आरं, कुणी पाणी घातलं यात? लिंबू आना, लिंबू!"

लिंबं आली. पाठोपाठ, लहान भांड्यात मागच्यांना दिसत नाही म्हणून, समितीच्या चहासाठी ठेवलेलं दोन लिटर दूधही सरांनी पातेल्यासकट ओढलं. पाच लिंबं पिळली. दूध फाटलं.

"आता बगा!" सर आनंदाने ओरडले. "आंबट आत गेलं तसा उणा भार एकेक करून उतरला. भांडान मिटलं. कण एकमेकांजवळ आलं. अन आपुन काय म्हंतो? दूध फाटलं! आवो, फाटलं कुटं? जुळलंय ते! फाटलेलं तर आधी व्हतं!"

क्लार्क माझ्या कानाशी पुटपुटले, "आता चहा कोरा."

पण अध्यक्षबाई हसल्या नाहीत. त्या एक पाऊल पुढे आल्या. "भालेराव सर, तुमच्या प्रबंधात पेप्टाइडची घडी आहे. मला एक सांगा. साखळीला मोकळं राहायला आवडतं. तरी ती घडी घालते आणि घडी टिकते. टिकते ती कितीशा बळावर?"

सरांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून हा माणूस इतकी वर्षं इथे थांबला होता. त्यांनी खडू उचलला. फळ्याकडे वळले. फळ्याच्या वर घड्याळ होतं. सव्वाअकरा.

खडू तसाच हातात राहिला.

"मॅडम," ते सावकाश म्हणाले, "तुमचा प्रश्न लई मोलाचा हाय. पर मला जायाला पायजे."

आणि ते गेले. खडू माझ्या हातात देऊन गेले.

प्राचार्यांचा रंग त्या क्षणी कुठल्याही पट्टीवर सापडला नसता. समितीला जेवायला बसवून ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, तुमची स्कूटी आहे. येडगावला जा आणि त्या माणसाला घेऊन या. झोपला असेल तर उठवून आणा. नाही आला तर उद्या मेमो देतो, म्हणावं. आणि तो साधा नसेल."

येडगावात धरणाच्या पाण्याकडेच्या वस्तीत घर शोधायला त्रास पडला नाही. पट्टीवाल्या सरांचं घर म्हटल्यावर एका म्हातारबाबांनी काठीनं दाखवलं. दार उघडंच होतं. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली पुस्तकांची मांडणी, आणि खाटेवर एक बाई ताठ बसलेल्या. त्यांचे दोन्ही हात मांडीवर थरथरत होते. सर त्यांच्यापुढे उकिडवे बसून पाण्याचा पेला त्यांच्या ओठांशी धरून होते.

मी दारात थबकले. सरांनी मागे वळून पाहिलं.

"कोण आलंय?" बाईंनी विचारलं. आवाज अगदी बारीक.

"आमच्या कॉलेजातल्या थोरात मॅडम. मराठीच्या."

"मग बसू द्या की. दारात काय उभं करता."

त्या माझ्याकडे पाहत होत्या, पण चेहऱ्यावरची रेषही हलत नव्हती. मला वाटलं, न सांगता आले म्हणून रागावल्या. मी घाईघाईने काहीतरी बोलायचं म्हणून दोन लिटर दुधाची गोष्ट सांगितली. त्यांचा चेहरा तसाच. मी आणखीच ओशाळले.

सर मला मागच्या स्वयंपाकघरात घेऊन गेले. जेवणाचं ताट वाढून ठेवलेलं होतं. भात, दोडक्याची भाजी, पाण्यात कुस्करून पातळ केलेली भाकरी.

"कंपवात हाय," ते म्हणाले. "पाच वरसं झाली. बारा वाजता गोळी लागती. न्हाई मिळाली तर खाटेवरनं उठता येत न्हाई, गिळता येत न्हाई. कामाला बाई येती, ती साडेअकराला जाती. गोळीनंतर तासानं जेवान, अन दुपारच्याला वरण न्हाई, दूध न्हाई, अंडं न्हाई."

"वरण का नाही?"

"गोळी बी अमिनो आम्लच हाय, मॅडम. वरणातली अमिनो आम्लं अन ही गोळी एकाच दारानं रक्तात जात्यात. दाराशी रेटारेटी झाली की हिची गोळी भाईर ऱ्हाती." त्यांनी ताट जवळ ओढलं. "मेंदूत एक प्रथिन हाय. त्याची घडी चुकती. चुकलेल्या घड्या एकमेकींना चिकटून बसत्यात. बास, एवढंच."

एवढंच म्हणून त्यांनी ताटावर झाकण ठेवलं.

"कॉलेजात का नाही सांगितलंत? प्राचार्यांनी सवलत दिली असती, दुपारी कुणी काही बोललं नसतं."

"ती नको म्हंती. ती झेडपीच्या शाळेत मास्तरीन व्हती. निम्म्या येडगावाला तिनं अक्षरं गिरवाया शिकवलंय. म्हंती, मला बाई म्हनून वळखत्यात तेवढं ऱ्हाऊ द्या."

तेवढ्यात माझा फोन वाजला. प्राचार्य. "सापडले का?"

मी सरांकडे पाहिलं. त्यांनी नुसती मान हलवली. नको.

"नाही सर," मी म्हणाले. "घराला कुलूप आहे."

बाहेर आले तेव्हा अर्धा तास होऊन गेला होता. बाईंचे हात बरेच शांत झाले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि एकदम त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं, थेट डोळ्यांपर्यंत.

"पाच लिंबं?" त्या म्हणाल्या. "दोन लिटरला पाच लिंबं पिळली ह्यांनी?"

मी सांगितलेल्या गोष्टीचं ते हसू होतं. गोळी लागू पडेपर्यंत ते आत थांबून राहिलं होतं.

निघताना त्या म्हणाल्या, "परत या. बातम्या घेऊन या कॉलेजच्या. हे सांगतात, पण ह्यांच्या बातमीत माणसं कमी आणि अणू जास्त."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी सर वर्गात शिरले तेव्हा शेवटच्या बाकावर अध्यक्षबाई बसल्या होत्या. समितीचा मुक्काम जुन्नरमध्येच होता आणि त्या एकट्याच रिक्षाने आल्या होत्या. माझा तास नव्हता, तरी मीही जाऊन बसले.

सरांनी त्यांना नमस्कार केला, आणि कालचा खडू माझ्याकडून परत मागून घेतला.

"घडी मोडू बगनारं बळ," ते म्हणाले, आणि फळ्यावर शिवनेरीएवढा डोंगर काढला. "घडी टिकवनारं बळ." शेजारी दुसरा डोंगर. "दोन्ही एवढालं. पर एकाची उंची दुसऱ्यापरीस किती जास्त? इत्तीशी." त्यांनी दुसऱ्या डोंगरावर खडूने एक बोर ठेवलं. "ह्या बोराएवढ्या फरकावर समदं उभं हाय. चार अंश ताप वाढला, जरा आंबट-तुरट हिकडं तिकडं झालं, की बोर पडलं. म्हंजे आपुन जिवंत हाय ते लई बळकट म्हनून न्हाई. थोडक्यात हाय. अन त्यात लाजन्यासारखं काय बी न्हाई."

अध्यक्षबाईंनी ते वहीत लिहून घेतलं. जाताना त्या प्राचार्यांना म्हणाल्या, "हा तास तुम्ही मला काल दाखवायला हवा होता."

मेमो मात्र आलाच. समितीला सोडून विनापरवानगी निघून गेल्याबद्दल तीन दिवसांत लेखी खुलासा. सरांनी खुलासा तीन मिनिटांत, शुद्ध मराठीत लिहून दिला: 'समिती उशिरा आली. मी वेळेवर गेलो.' प्राचार्यांनी तो कागद दोनदा वाचला, फाइलला लावला आणि पुढे काही विचारलं नाही. त्यांना काही कळलं होतं की ते नुसते दमले होते, हे मला आजही सांगता येणार नाही.

मी पुढच्या रविवारी येडगावला गेले, आणि मग बरेच रविवार. बातम्या घेऊन. ट्रिप्टोफॅनचं वजन, ग्लायसीनची बदली. बाई मनापासून हसायच्या, कधी लगेच, कधी उशिरा.

असाच एक रविवार. संध्याकाळ होत होती. अंगणाच्या टोकाला जांभळाचं झाड आहे, तिथून धरणाचं पाणी दिसतं. बाईंची खुर्ची तिथे ठेवलेली असते. त्या खाटेवरून उठून दारापर्यंत नीट आल्या, आणि उंबऱ्याशी त्यांचे पाय थांबले. जमिनीला खिळल्यासारखे. मी हात धरायला पुढे झाले.

"धरू नका," सर म्हणाले. "वढलं की पडती."

ते स्वतः अंगणात उतरले. अंगणात खडूने आडव्या रेघा मारलेल्या होत्या, एकेका पावलाच्या अंतरावर. सर पहिल्या रेघेपलीकडे उभे राहिले आणि एका ठेक्यात, शाळेत पाढे म्हणतात तसं, म्हणायला लागले.

"ग्लायसीन... अ‍ॅलॅनीन... व्हॅलीन... ल्युसीन..."

पहिल्या नावाला बाईंचा पाय सुटला. दुसऱ्याला दुसरा. सर उलटे चालत होते, त्या सरळ येत होत्या. एका रेघेला एक नाव. सेरीन, थ्रिओनीन. आवाज बेसूर, ठेका मात्र पक्का. बाईंची नजर रेघांवर, ओठ त्यांच्याबरोबर हलणारे. वीस अमिनो आम्लं, वीस पावलं. विसावं नाव संपलं. झाड अजून तीन पावलं लांब होतं.

सर थांबले. माझ्याकडे एक चोरटी नजर टाकली. मग खाली पाहत, जरा हळू आवाजात, पण त्याच ठेक्यात म्हणाले,

"सु... नं... दा."

तीन पावलं. बाई खुर्चीत टेकल्या.

"पाहुण्यांसमोर नाव घेता?" त्या म्हणाल्या. "तीस वर्षांत उखाण्यातसुद्धा घेतलं नव्हतं ह्यांनी."

सरांचे कान लाल झाले होते. ते उगाचच रेघा तपासत फिरू लागले. मला राहवलं नाही. मी विचारलं, "सर, खुर्ची तीन पावलं अलीकडे घेतली तर? विसातच काम होईल."

सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं नापास होणाऱ्या पोराकडे पाहावं.

"तितं ऊन लागतं," ते म्हणाले.

सूर्य केव्हाच डोंगराआड गेला होता.